चार बोटं खाली

३ मार्च, मंगळवार
आज पुलाच्या वळणावर गाडी झुकली. फार नाही, पण झुकली. मी डोळे मिटले नाहीत. एकच मिटला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली आणि पुढे निघून गेला.

संध्याकाळी थोरलीचा फोन. २२ तारखेला, रविवारी येतेय. मी स्टेशनवर जायचं आणि तिला शेजारी बसवून घरी आणायचं. म्हणाली, "बाबा, वाटेत एकदा जरी माझ्या पोटात गोळा आला, तर किल्ली माझ्याकडे. मग वाद नाही." लगेच कबूल झालो. माझ्या पोटात रोज येतो त्याबद्दल तिने विचारलं नाही.

गाडी लाल, स्पोर्ट्स, दोन सीटची. गाडीचं वय एकतीस. शिवणाचं दुकान बंद केलं त्या वर्षी जुनीच घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या पँटी शिवल्यावर माणसाचा एवढा हक्क असतो.

संकल्प : घाबरायचं नाही. घाबरण्याचं कारणच काढून टाकायचं.

४ मार्च
कारण सापडलं. गाडी उंच आहे. खाटेवर झोपणारा पडतो, जमिनीवर झोपणारा पडेल कुठे? तेव्हा गाडी खाली घ्यायची. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण हे शास्त्र आहे.

हिला सांगितलं. म्हणाली, एवढी भीती वाटते तर बसने जावं माणसाने. भीतीचा प्रश्नच नाही हे तिला तीनदा समजावलं. बसची मला भीती वाटते.

६ मार्च
गॅरेज. मेकॅनिक बोलका आणि स्वतःवर खूश. मला मास्तर म्हणतो, कारण त्याच्या लग्नाचा कोट मी शिवला. आता त्याला तो होत नाही, पण त्यात माझ्या शिवणाचा दोष नाही.

त्याचं म्हणणं, आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी दोन बोटं खाली येईल, वळणावर झुकणार नाही. मी चार बोटं सांगितली. सुरक्षितता दुप्पट. त्यावर म्हणाला, मग शॉकही आखूड आणि कडक घ्यावे लागतील. स्प्रिंग गाडी उचलून धरते, शॉक तिचं नाचणं आवरतो. स्प्रिंग तरणी आणि शॉक म्हातारा, कसं आवरणार?

'म्हातारा' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. तिथेच जुने शॉक ठेवायचं ठरवलं. ओळखीचे आहेत. शिवाय पँट आखूड केली म्हणून कोणी गिऱ्हाइकाचे पाय कापत नाही. हे त्याला ऐकवलं. बराच वेळ हसला. पटलं असावं.

१० मार्च
स्प्रिंगा बसल्या. गाडी आता दबा धरलेल्या मांजरासारखी दिसते. मेकॅनिकने हाताला धरून मला आत बसवलं आणि चक्कर मारून आल्यावर दोन्ही हातांनी बाहेर काढलं. आदर आहे त्याला.

रस्त्यावर मात्र जरा. नवीन वस्तू रुळायला वेळ लागतोच. एका खड्ड्यात गेली आणि शाळेपासून दवाखान्यापर्यंत नाचत राहिली. दर उडीला खालून ठक्. मी देवाचं नाव घेत होतो, तेही तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होतं.

११ मार्च
ही बसली. कोपऱ्यावरच उतरवा म्हणाली. उतरताना तिला माझा खांदा, दाराची कड आणि विजेचा खांब, तिन्ही लागले. म्हणे, ही गाडी नाही, विहीर आहे. गुडघे तिचे आणि दोष गाडीला.

१३ मार्च
ठक् वाढलं. गॅरेज.

मेकॅनिकने गाडी जॅकवर उचलली. चाक लोंबलं. त्याने आत हात घातला आणि स्प्रिंग बांगडीसारखी गोल फिरवून दाखवली. सैल! "मास्तर, पाय कापायचे नव्हते ना? बघा. पाय लांब, पँट गुडघ्यावर. चाक लोंबलं की स्प्रिंग मोकळी. आणि गाडी खाली टेकली की शॉक आत दबून बुडाशी आपटतो. तुमचं ठक् म्हणजे तेच."

माझं धाबं दणाणलं. म्हणजे इतके दिवस मी सुट्या स्प्रिंगांवर बसून देवाचं नाव घेत होतो. त्याला सडेतोड उत्तर देणार होतो, पण तोंडाला कोरड पडली होती. त्याने पाणी आणलं. ते पिताना निम्मं शर्टावर.

शॉक बदलायचं ठरलं. खरं तर मला ते ६ तारखेलाच सुचलं होतं, फक्त बोललो नव्हतो.

१७ मार्च
नवे शॉक आले. आखूड, याच मापाच्या स्प्रिंगांसाठी केलेले. वर एक नॉब आहे. फिरवला की शॉक मऊ किंवा कडक होतो. मेकॅनिकने चारही नॉब मधोमध ठेवले आणि हात लावू नका म्हणाला. घरी येऊन चारही शेवटपर्यंत कडक केले. उगाच धोका कशाला?

१८ मार्च
खालचे दात हलताहेत. रस्त्यात एक वाळकं पान पडलं होतं, त्यावरून गेलो तेही कमरेला कळलं. आगीतून फुफाट्यात. गाडी आता नाचत नाही, ठोसे मारते. दचकून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, मागे रांग. लोक हॉर्न मारायला लागले. काहीतरी बिघडलंय असं दाखवायला उतरणार होतो. उतरता येईना. मग बसल्या जागीच बिघाड शोधत राहिलो.

२० मार्च
मेकॅनिकने नॉब परत मधे आणले. विचारतो, मास्तर, तुम्ही गाडीला घाबरता की गाडी तुम्हाला? मी किल्ली घेतली आणि निघालो.

मग पुलाचं वळण. गाडी झुकली नाही! रुळावर धरल्यासारखी गेली. माझे दोन्ही डोळे उघडे होते. परवा थोरलीच्या पोटात गोळा काय, गोळी येणार नाही. किल्लीला नवी साखळी घेतली.

हिने एकच खुसपट काढलं, स्टेशनवर उतरणार कसे? उतरायचंच कशाला? गाडी थांबवायची, पोरगी बसेल, निघायचं. योजना पक्की.

२२ मार्च, रविवार, सकाळ
स्टेशनबाहेर. फार लवकर आलो. हात थरथरताहेत, ते इंजिनमुळे. इंजिन बंद आहे. तरी.

इथून सगळं खालून दिसतं. बसचं चाक माझ्या डोक्याच्याही वर पोचतंय. लोकांना स्वर्ग दोन बोटं उरतो, मला जमीन उरली आहे.

दुपार
गाडी घरासमोर. मी गाडीत. ही वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते म्हणून लिहिता तरी येतंय.

थोरली मोठी बॅग घेऊन आली. डिकी किल्लीने उघडते आणि त्यासाठी उतरावं लागतं. योजनेत हे राहून गेलं. एक पाय बाहेर काढला. दुसरा येईना. पहिला परत आत जाईना. शेवटी थोरलीने काखेत हात घालून मला उपसलं, एका हमालाने मागून आधार दिला. मी कंबर सरळ करेपर्यंत तिने बॅग ठेवली, किल्ली घेतली आणि स्टिअरिंगमागे बसलीसुद्धा. मला शेजारी सोडण्यात आलं. सोडण्यातच आलं, कारण बसणं माझ्या हातात नव्हतं.

पुलाचं वळण तिने माझ्या तिप्पट वेगाने घेतलं. गाडी तसूभर हलली नाही. म्हणाली, "बाबा, काय सुंदर केलीत हो गाडी. माझ्या पोटात काहीही झालं नाही. आता माझी बाही सोडा."

बाही मी कापड बघायला धरली होती. कापड चांगलं आहे.

म्हणजे अट मी जिंकलो. घरी पोचताच तिला तसं सांगितलं. तिने मुकाट्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. ज्या दिवशी कुणाच्या हाताशिवाय उतराल, त्या दिवसापासून चालवा."

मी म्हणालो, आत्ता उतरतो. ती बरं म्हणाली आणि बॅग घेऊन आत गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू येतंय. चहाच्या कपांचाही आवाज आला.

हाक मारली. घाबरलोय असं वाटू नये म्हणून हळू मारली.