न चुकता कळवू

४ मार्च
डायरी, इतके महिने तुला हात लावला नाही, माफ कर. सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, तेही वैतागाचं.

कारखान्यात वेल्डरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. एकाला पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. कॉलेजात ती भाषा घेतली होती, एवढ्या भांडवलावर मला हिशेबाच्या टेबलावरून उचलून दुभाषी केलं! शेवटी साहेब नेहमीचं इंग्रजी वाक्य बोलले – ‘वुई विल लेट यू नो.’ तेवढंच सांगितलं तर फार कोरडं वाटेल असं मला वाटलं. माणूस हात मांडीवर ठेवून माझ्याच तोंडाकडे बघत होता. म्हटलं, ‘अविझामुश, सैं फाल्ता.’ कळवू, न चुकता. त्याचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं. वाटायला नको होतं.

९ मार्च
वेल्डर फाटकाशी उभा. काही कळलं का, विचारायला.

११ मार्च
पुन्हा आला. साहेबांना म्हटलं, नाही असेल तर तसं सांगू द्या. तर म्हणे, आपण होऊन कशाला वाईट व्हायचं? ज्याचं त्याला समजतं. म्हणजे नाहीच ना? – ‘तसं कुठे म्हटलं मी, बाई!’

घरी सांगितलं तर नवरा हसला. ‘कळवतो म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तुला चिमूटभर मीठ घाल म्हटलं की तू मूठभर घालणार.’

खरं आहे. ‘न चुकता’ साहेबांचं नाही, माझ्या पदरचं. पण त्या माणसाला समजणार कसं? आपले आडपडदे त्याला कुणी शिकवलेत?

१२ मार्च
सगळ्यांवर खेकसले. डोकं दुखतंय.

१४ मार्च
आज बायकोला घेऊन आला. बेकरीवाल्याने त्याला काम देऊ केलंय, उद्या सकाळी हो की नाही सांगायचंय. हा ‘नाही’ म्हणून सांगणार आहे. का, तर कारखान्यातल्या बाईंनी शब्द दिलाय! बायको माझ्याकडे बघून हसली.

‘बेकरीत जा’ असं ओठांवर आलं. मग वाटलं, निवड झालीच तर? मी कोण त्याची जागा घालवणारी? म्हटलं, विचारून सांगते. कपाळ माझं. आणखी एक वायदा!

साहेब बाहेर गेलेले. फोन उचलत नाहीत.

१४ मार्च, संध्याकाळ
निघताना टायपिस्टला विचारलं. ती सहज म्हणाली, ‘अहो ताई, माणूस आधीच ठरला होता. नियम म्हणून तिघांना बोलवावं लागतं. तिसरा मिळेना, मग याला बोलावलं. भाषेची अडचण नव्हती, तुम्ही होतात ना.’

उद्या : बेकरी उघडायच्या आत त्याच्या खोलीवर जाऊन ‘नाही’ सांगणे.