लपणाची दुसरी खिडकी

१८ नोव्हेंबर
परवा सकाळी स्टुडिओचं शटर खाली ओढलं, किल्ली बायकोच्या हातात दिली आणि उत्तरेच्या गाडीत बसलो. चोवीस वर्षं लोकांना ‘हनुवटी जरा वर’ सांगण्यात गेली. आता ज्यांना काहीच सांगता येत नाही, अशांचे फोटो काढायचे. बायको म्हणाली, निदान रानबकरे ‘फोटोत बारीक दाखवा’ म्हणणार नाहीत.

शेवटच्या बसथांब्यापासून तीन तास चढ. दगडी घर, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. राखणदार साठीचा, धिप्पाड, हसरा. मला ‘फोटोवाले’ म्हणतो. स्वयंपाक त्याची विधवा बहीण करते. तिला ताई म्हणायचं. खोलीच्या खिडकीतून अख्खी दरी दिसते. बर्फ अजून शिखरांवरच आहे. सहा आठवडे हे सगळं माझं. देवाचे आभार मानून झोपतो.

२० नोव्हेंबर
इथली रीत मजेची आहे. कड्याखाली एक लपण आहे: दगडी भिंती, फळ्यांचं छप्पर, समोर काचेच्या दोन वीतभर उंच खिडक्या. सकाळी आम्ही दोघे वर जातो. मी एका खिडकीशी बसतो आणि राखणदार मुद्दाम खोकत, काठी आपटत परत उतरतो. कड्यावरचे रानबकरे पाहतात: माणूस आला, माणूस गेला. त्यांच्या लेखी लपण रिकामं. “जनावराला बेरीज येते फोटोवाले, वजाबाकी येत नाही,” असं म्हणून तो पोट धरून हसला.

नियम एकच. संध्याकाळी तो न्यायला येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. बकऱ्यांना आतून माणूस निघताना दिसला, तर तो उतार ती हंगामभर टाकतात.

आज अकरा आली, चाळीस पावलांवर. म्हाताऱ्या नराच्या शिंगांवर दव गोठलं होतं. मी नव्या नवरदेवासारखा गडबडलो, पहिले चार फोटो हललेले.

२३ नोव्हेंबर
दुपारी लघवीला जायचं म्हणून दार ढकललं. उघडेना. कडी बाहेरून लावलेली.

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाला, आधीचा फोटोवाला फार चुळबुळ्या होता, दहादा बाहेर यायचा, म्हणून बसवली, तुमच्याच कामासाठी. मी म्हटलं, माणसाला न विचारता कोंडता, मी काय कोंबडी आहे? त्यावरही हसला. राग गिळला. पण जपाला बसलो तर बोटं मण्यांवर आणि मन कडीवर.

२६ नोव्हेंबर
तीन दिवस बकरी जवळ येत नाहीत. लांब उभी राहून नुसती बघतात. आज फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. एकही जनावर माझ्या खिडकीकडे बघत नाही. सगळ्यांची तोंडं दुसऱ्या खिडकीकडे.

तिथे रिकामं बाकडं आहे.

राखणदार म्हणतो, काच चमकत असेल. मला शिकवतो काच.

२७ नोव्हेंबर
दुसऱ्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. आतून. वाटीएवढी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मी चार हात लांब होतो, तोंडाला मफलर. पुसली. थोड्या वेळाने पुन्हा धरली, विरली, पुन्हा धरली. कोणी सावकाश श्वास घ्यावा तशी.

कडी बाहेरून. संध्याकाळपर्यंत नामस्मरण.

२९ नोव्हेंबर
आम्ही उतरताना ताई खिडकीतून बघते आणि चहा ओतते. आज तीन कप भरले होते. स्वतःचा ती आधीच घेते. राखणदाराने तिसरा कप उचलून अंगणात भिरकावला. ती मान खाली घालून उभी. मी तुकडे गोळा केले. साठीच्या माणसाने बहिणीला असं वागवावं?

नंतर ती मला हळूच म्हणाली, वळणापर्यंत तिघे दिसतात. अंगणात दोघेच येतात.

३० नोव्हेंबर
राखणदार लाकडं आणायला गेल्यावर तिने सगळं सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात त्याने आधीच्या फोटोवाल्याला आत बसवून कडी लावली आणि आपल्या कामाला खाली बाजारात गेला. बर्फ सुरू झालं. हा तीन दिवस बाजारातच शेकोटीशी बसला. ताई दुसऱ्या दिवशी निघाली होती. छातीएवढं बर्फ, अर्ध्यातून परतली. दार ठोकल्याचा आवाज त्या दुपारपर्यंत येत होता. मग नाही. चौथ्या दिवशी राखणदाराने त्याचं प्रेत दरीत ढकललं आणि वनखात्याच्या कचेरीत कळवलं की माणूस न सांगता निघून गेला.

त्या फोटोवाल्याची आई दर महिन्याला पत्र लिहिते. राखणदार त्या पत्रांनी चूल पेटवतो. ताईने एक लपवून ठेवलंय. मी वाचलं. म्हातारी विचारते, तो नाही तर नाही, त्याचा एखादा लोकरी मोजा तरी सापडला का.

एक मोजा, देवा.

१ डिसेंबर
राखणदाराला तोंडावर विचारलं. म्हटलं, त्या माउलीला खरं काय ते दोन ओळी लिहून द्या, पुढचं मी बघतो. त्याने नाकारलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “एक वजा झाला. जनावरांना कळलं नाही, तुम्हाला कशाला कळायला हवं?”

रात्रभर देवाला म्हटलं, हा राग घे. त्याने घेतला नाही. माझ्याजवळच ठेवला.

२ डिसेंबर
तरी लपणात जाऊन बसलो, दुसऱ्या खिडकीवाल्यासाठी. वाफ. बाकडं करकरलं. भ्यायलो, पण जास्त राग — हा आधीचा बिचारा अजून नियम पाळतोय. न्यायला कोणी येईपर्यंत उठायचं नाही म्हणून अजून बसलाय. वळणापर्यंत येतो, आणि नेणारा आपला नाही म्हणून परत —

उद्या.

३ डिसेंबर, दुपार
केलं.

छपराची फळी निसटलीय म्हणून राखणदाराला लपणात नेलं. तो वाकला, मी बाहेर आलो, कडी घातली. कागद-पेन्सिल आधीच बाकड्यावर ठेवली होती. आधी हसला. मग शिव्या. मग दारावर धडका. मी दाराच्या फळीला तोंड लावून सांगितलं, त्याच्या आईला लिहा. लिहून झालं की संध्याकाळी कडी काढतो.

आणि दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन म्हटलं, “चल बाबा, ऊठ. तुला न्यायला आलोय.”

दया आली म्हणून म्हटलं. तेवढंच चुकलं.

उतरताना मागे पाहिलं नाही. कड्यावर सगळी बकरी उभी होती. माझ्या मागे बघत.

बर्फ पडायला लागलंय. राग पार निवला, पहिल्यांदाच. वरून धडका ऐकू येताहेत. कडी काढायला निघालं पाहिजे, नाहीतर मी आणि राखणदार यांत फरक —

ताईने कप मांडले. तीन. म्हटलं, ताई, आपण दोघंच. ती दाराकडे बघतेय.

उंबऱ्यात उभा आहे. एका पायात मोजा.

हात जोडले. म्हटलं, बाजूला हो, वर माणूस आहे. हलत नाही. वही मिटली की एक पाऊल पुढे येतो, म्हणून लिहितोय. अंधार पडला. बाहेर बर्फ गुडघ्याएवढं — देवा, माझा राग संपला, याचा —

धडका थांबल्या. नाही, एक. आणखी ए