सोनेरी ससाणा आणि एक ‘नो’

१२ ऑक्टो., रवि.
अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचं पान झालं. इथली आखातातलीच, हिद्द भागातली कंपनी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या विकते. आता चेक लोकांना विकायच्यात, म्हणून साइट चेकमध्ये. वर माप, मग किंमत, माल कधी पोचेल. खाली फोन. बस्स. तिकडच्या गिऱ्हाइकाला नमस्कार-चमत्कार नको असतात. त्यांच्यातही हाक मारताना नाव बदलतं, नोवाकचा नोवाकू होतो. आपल्या रामचा रामा होतो तसाच. मजा वाटली. बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या कामाची लाज वाटली नाही.
पाटणकर साहेब बघून म्हणाले, "फार सुकं आहे रे. अंगावर काहीच नाही तिच्या."
साइटच्या अंगावर काय घालू, शालू?

१३ ऑक्टो., सोम.
चाचणीला जुफैरहून इवाबाई आल्या. चेक, नवरा इथे इंजिनियर. पान वापरायचं आणि मनात येईल ते चेकमध्येच बोलायचं, असं ठरलेलं. रेकॉर्डिंगचं भाषांतर नंतर. साहेब मागे खुर्ची टाकून बसले. बाईंनी माप निवडलं. "नो." किंमत पाहिली. "नो, नो." शेवटी "नो यो" म्हणून मान हलवली.
साहेब उठलेच. "खलास. एवढे नो तर मी घरीपण ऐकत नाही."
बटणांवर ‘आनो’ आणि ‘ने’ मीच टाकलंय, हो आणि नाही. तरी टाळकं चाललं नाही. वाटलं, आपल्याला कळावं म्हणून बाई इंग्रजीत नाही म्हणतायत. भाषांतराची वाट न बघता पान रद्द.
निघताना साहेब: "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात ना? हे काम क्लायंटने घेतलं तर रिन्यू करू. नाहीतर बघू."
त्यांचं ‘बघू’ मला कळतं. पोरगी दहावीत. आता मधेच उचलून अकोल्याला न्यायची?

१५ ऑक्टो., बुध.
साहेबांचं पान बांधतोय. उघडलं की सोनेरी ससाणा गोल फिरत येतो. त्यावर वाजंत्री. मग चौकट, ‘तुमचा नंबर द्या’. ती बंद केली की दुसरी, ‘खरंच जाताय?’ किंमत कुठेच नाही. किंमत हवी तर फोन करा.
शिसारी आली. अक्षरशः. दुपारचा डबा तसाच परत नेला. सुनंदा म्हणे, "काऊन जी, भाजी बिघडली होती का?" भाजी नाही, म्हटलं, मीच.

१६ ऑक्टो., गुरु.
इवाबाईंचा फोन. रद्द का केलं, त्यांना तर आवडलं होतं.
मी: "पण तुम्ही सारखं नो म्हणत होता."
बाई हसत सुटल्या. चेकमध्ये बोलताना ‘नो’ म्हणजे हं, बरं, हो ना. नाहीला ‘ने’.
हसू आलं नाही. इतका राग आला की फोन ठेवल्यावर जिना उतरून खाली गेलो, पार्किंगमध्ये नुसता उभा राहिलो.
घरी सुनंदा: "जेवाले चला ना." पोरीला: "तू बी ये ना." पोरगी: "कमिंग, आई." जन्मभर ऐकतोय हा ‘ना’. त्यात नकार कुठाय? मराठी माणसाला तरी हे कळायला हवं होतं, आणि खोलीत आम्ही दोन मराठी माणसं बसलो होतो.

१७ ऑक्टो., शुक्र.
सुट्टी. बुद्धवंदनेला गेलो. डोळे मिटले की ससाणा फिरतो.

१९ ऑक्टो., रवि.
साहेबांना सांगितलं. ‘ये ना’चं उदाहरणपण दिलं. ते म्हणाले, "असेल. पण मी अबू यूसुफना सांगून बसलोय की नवीन पान येतंय." अबू यूसुफ म्हणजे हिद्दचे मालक.
तरी मी हट्टाने इवाबाईंना परत बोलावलं. ससाणा आला. "ने." चौकट आली. "ने, ने." किंमत शोधून दमल्या, पर्स उचलली. "ने."
साहेब खूश. "बघ, एकदाही नो म्हणाली नाही."
"सर, ने म्हणजेच नाही."
"मराठीत ने म्हणजे घेऊन जा. मग नेऊ या की." स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग हसू पुसून, "उद्या अबू यूसुफनी विचारलं तर बाईंना आवडलं म्हणून तू सांगायचं. व्हिसाचं मी इंशाल्ला या आठवड्यात करतो."
मान हलवली मी. कशी हलवली, उभी की आडवी, मलाच आठवत नाही. किळस साहेबांची जास्त की माझी, तेही कळत नाही.

२० ऑक्टो., सोम.
हिद्द. फोनवर लिहितोय, गाडीत बसून.
ससाणा फिरला, वाजंत्री वाजली. अबू यूसुफ शांतपणे बघत होते. मग साहेबांना टाळून थेट मला, हिंदीत: "चेक लोगों को पसंद आया?"
साहेब माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघालं, "नो."
साहेबांनी लगेच झेललं. "सर, चेक में नो मतलब हाँ होता है." आणि मोठ्याने हसले. परवापर्यंत या माणसाला हे माहीत नव्हतं.
अबू यूसुफ हसले नाहीत. मलाच विचारलं, "तुम कौन सी ज़बान में बोला?"
म्हटलं, बाईंचं कालचं रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये आहे, लॅपटॉप गाडीत. घेऊन येतो.
साहेबांचा फोन येतोय. दुसऱ्यांदा. उचलत नाहीये.
लॅपटॉप मांडीवर आहे. सुनंदाला मेसेज टाकला, रेकॉर्डिंग दाखवू का, दाखवलं तर कदाचित अकोला. तिचं उत्तर आलंय, दोनच शब्द.
"दाखवा ना."