मोटरहोमला बाबांची खोली

२ मार्च, रविवार
सकाळी दादाचा फोन. वहिनीच्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. ती हिंडू-फिरू लागेपर्यंत बाबांना तुझ्याकडे ठेवशील का, विचारत होता. मी ताबडतोब हो म्हणालो. (दादाच्या मते मी बराच वेळ गप्प होतो. नेटवर्क.) आपला बाप आहे, त्यात विचार कसला करायचा?

अडचण एकच. घर विकून मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला आल्यापासून माझा संसार आटोपशीर आहे. पलंग एक. टेबल खाली पाडलं की दुसरा पलंग होतो, पण टेबलावर माझा कॉम्प्युटर आहे. दादा म्हणाला, तू टेबलावर झोप, बाबांना पलंग दे. दादाला माझ्या पाठीची कल्पना नाही.

उपाय सुचला. गाडीला मोठं ऑनिंग जोडायचं. वर कापडी छत, तिन्ही बाजूंनी कनाती, आत बाबांची स्वतंत्र खोली. त्यांनाही मोकळं वाटेल. आठवड्यात काम फत्ते.

५ मार्च, बुधवार
दुकानात गेलो. विक्रेत्याने विचारलं, गाडीच्या छताला जी खाच असते, ज्यात ऑनिंगची कड सरकवतात, ती जमिनीपासून किती उंच आहे? मी म्हणालो, स्टँडर्ड. तो म्हणाला, स्टँडर्ड असं काही नसतं साहेब, मोजून या. गिऱ्हाइकाला परत पाठवतात, मग धंदा नाही म्हणून रडतात.

राहणार किती जण, तेही विचारलं. दोघं म्हणालो, तर लहान मॉडेल दाखवायला लागला. दूरदृष्टी शून्य. मी सर्वांत मोठं घेतलं. दोन खोल्या, बैठक, पारदर्शक खिडक्या. उद्या बाबांना भेटायला कोणी आलं तर बसवायचं कुठे?

९ मार्च, रविवार
उभारणीचा दिवस. माहितीपत्रक उघडलं नाही. तंबूच तो, त्याचं काय वाचायचं?

ऑनिंग गाडीपेक्षा उंच निघालं. कड खाचेत सरकली, पण छताला मध्ये पोट सुटलं. गाड्यांच्या तळावर माझ्या शेजारच्या कॅरव्हॅनमधला गृहस्थ (दिवसभर शिट्टी वाजवतो, म्हणून शिट्टीवाला) चहाचा कप घेऊन बघत उभा होता. म्हणाला, दोऱ्या ताणा, पोटात पाणी साचेल. मी म्हणालो, मुद्दामच ठेवलंय, हवा खेळते.

संध्याकाळी मस्त दिसत होतं. फोटो काढून दादाला पाठवला. दादाने विचारलं, पलंग कुठाय? सुरुवात पलंगापासून करायची नसते.

१५ मार्च, शनिवार
पोटात पाणी साचलं. छत खाली आलं. जमिनीवरचा गालिचा लगदा झालाय. पाऊस अवेळी पडला, नाहीतर माझी योजना बरोबर होती.

बाबांचा फोन. बॅग भरून ठेवली म्हणाले. संडासाला जायला पायऱ्या आहेत का, विचारत होते. मागे पडल्यापासून उजवा गुडघा वाकत नाही त्यांचा. मी हसलो, म्हणालो, सगळी सोय आहे बाबा. फोन ठेवल्यावर बघितलं. संडास गाडीत, आणि गाडीला पायऱ्या. बाबांच्या खोलीसाठी वेगळा पोर्टेबल संडास मागवला. पण म्हणजे त्याला आडोसा हवा. म्हणजे अजून एक कनात. एकेक गोष्ट मार्गी लागतेय.

२३ मार्च, रविवार
आज दादा बाबांना आणणार होता. काल त्याला थांबवलं. खोलीची झिप अर्ध्यावर अडकते. म्हातारा माणूस आत अडकला तर केवढ्याला पडेल? दादा म्हणाला, झिप उघडी ठेव. मच्छरांचा विचार कोणी करायचा?

२९ मार्च, शनिवार
दादा चिडलाय. म्हणाला, तुला बाबा नकोत असं एकदा सरळ सांग, म्हणजे मी दुसरं काहीतरी बघतो. मी वाईट वाटून घेतलं नाही. वहिनीच्या ऑपरेशनचं टेन्शन आहे त्याला.

बोलणं झाल्या झाल्या दुकानात गेलो, जुनं देऊन नवं ऑनिंग बुक केलं. खांबांऐवजी हवेच्या नळ्या असलेलं. पंप मारला की खोली आपोआप उभी राहते. दादाला यापेक्षा सरळ उत्तर काय देणार?

४ एप्रिल, शुक्रवार
वहिनीचं ऑपरेशन झालं. फोन करायचा होता, पण आजच ऑनिंग आलं आणि पंपाचं तोंड बसेना. दुपारी दादाचाच मेसेज: बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं. तात्पुरतं.

उत्तम निर्णय. बाबांना चोवीस तास माणूस मिळेल, आणि मला खोली घाईगर्दीत उरकावी लागणार नाही. माझ्यावरचं केवढं दडपण उतरलं. म्हणजे दादावरचं.

१३ एप्रिल, रविवार
बाबांना भेटून आलो. गेल्या रविवारीच जाणार होतो, पण हवेची एक नळी गळत होती.

एका खोलीत चार खाटा. फिनेलचा वास. बाबा वाळलेत. तिथल्या बाईंना म्हणाले, हा माझा धाकटा, माझ्यासाठी खोली बांधतोय. बाईंनी विचारलं, कधी होणार? मी मोबाइलवर फोटो दाखवले. बाबा फोन अगदी डोळ्यांशी नेऊन बघत राहिले. मग खाली वाकले आणि बूट घालायला लागले. मी म्हणालो, बाबा, अजून फरशीचे तुकडे बसवायचेत, थंडी खालून येते. ते म्हणाले, मी मोजे घालीन की. मी समजावलं, अर्धवट खोलीत नेणं बरं नाही. बरोबर, म्हणाले. बूट काढून परत खाटेखाली सारले.

पुढच्या रविवारी नक्की नेतो म्हणालो. तेवढ्याने खूश झाले.

२० एप्रिल, रविवार
फरशीचे तुकडे एकमेकांत बसले. झकास. पण रंग राखाडी, बाबांना उदास वाटेल. बदलून आणायला गेलो, त्यात दिवस गेला.

शिट्टीवाला म्हणाला, अहो, वडिलांना आजच घेऊन या, ते तुमच्या पलंगावर झोपतील, तुम्ही तंबूत झोपा, हाय काय आणि नाय काय. त्याला शांतपणे सांगितलं की प्रश्न झोपण्याचा नाहीच. मग कशाचा, म्हणाला. काही माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

२२ एप्रिल, मंगळवार
दादाचा फोन. बाबा पडले. रविवारी. मी येणार म्हणून सकाळपासून तयार होऊन बसले होते, दुपारी बाईंनी बूट काढून ठेवले, तर ते पुन्हा घालायला गेले आणि खाटेवरून घसरले. मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन या वयात नको म्हणतात डॉक्टर.

चूक सरळसरळ वृद्धाश्रमाची. बूट हाताशी ठेवायचेच कशाला? दादाला म्हणालो, तक्रार करू या. फोन कट झाला.

आता सपाट दार हवं. चाकाची खुर्ची आत यायला पाहिजे.

४ मे, रविवार
खोली तयार!! पलंग, कपाट, दिवा, रंगीत फरशी, दाराला उतार. कुठे सुरकुती नाही. शिट्टीवाल्यानेही शिट्टी थांबवून बघितलं.

आणायला वृद्धाश्रमात गेलो, तर बाबांच्या खाटेवर दुसरेच आजोबा. दादाने बाबांना घरी नेलंय. मला कळवायचं राहून गेलं असेल.

११ मे, रविवार
दादाकडे गेलो. ऑनिंग तळावर उभं ठेवून नुसती गाडी काढता येते, ही या मॉडेलची खासियत. दार वहिनीने उघडलं, वॉकर धरून. बाबांना आतली खोली दिलीय, दादा-वहिनी हॉलमध्ये गादी टाकतात. बघा, जागेचं महत्त्व शेवटी पटलं.

बाबांना म्हणालो, चला, खोली झाली. वहिनी मागून म्हणाली, भाऊजी, त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागतात. राहू द्या आता.  बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. पकड अजून चांगली आहे.

वहिनीला व्यायामाला न्यायचं होतं. दादा म्हणाला, तासभर बसशील ना बाबांपाशी? म्हणजे काय! ते गेले, आणि थोड्या वेळात खिडकी आपटायला लागली. वारा. वादळात ऑनिंग धरून ठेवणाऱ्या दोऱ्या मी बांधल्या नव्हत्या. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, जा बाबा, उडून जाईल. हात त्यांनीच सोडला. पाण्याचा पेला भरून ठेवला आणि निघालो. दादा येतच असणार होता.

सायंकाळी ६
पोचेपर्यंत वारा पडला होता. ऑनिंग जागच्या जागी.

दादाचा मेसेज: वाटेत गाडी बंद पडली, यायला उशीर झाला. बाबांनी स्वतःच पेला घ्यायचा प्रयत्न केला. ते ओल्या अंथरुणात पडून होते, तुला हाका मारत होते. यापुढे येऊ नकोस.

दादा रागात आहे. होईल शांत. मीही घाईत होतो, हेही त्याने बघायला हवं.

हे खोलीत बसूनच लिहितोय. झिप पूर्ण लावलीय. काम खरंच पक्कं झालंय. बाहेरचं काही ऐकू येत नाही.