चकचकीत भिंत आणि खडूची भुकटी

ती. ताईला,

धाकट्याचा लांबूनच, पण पुरता वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो. रंगाचा डबा खाली होता, त्या निमित्ताने तुझाही नमस्कार उरकला.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला की अजून घरातच मुक्कामाला आहे? मी मजेत. फक्त केस पांढरे झालेत. घाबरू नकोस, धुतले की जातात. ते कसं झालं तेच सांगायला बसलोय.

तू मागच्या पत्रात लिहिलंस की तुमच्या शाळेत प्रोजेक्टर आलाय, तू त्याच्या खोक्यावर फुलदाणी ठेवलीस, आणि मोठे सर फारच मागे लागले तर पाचवीचा वर्ग नव्या सरांना देऊन मोकळी होणार. वाचून मी हातातला घास ताटात परत ठेवला. अगं, मला वर्गात बसवताना तू कधी हरली नाहीस (मी खिडकीतून सटकायचो, तू दाराकडून येऊन बखोट धरायचीस) आणि आता एका खोक्याला भितेस? म्हणून इथल्या गणिताच्या बाईंची हकिगत ऐक.

मी सध्या एका शाळेच्या भिंती रंगवतोय. (हो, शाळेतच. हसून घे.) गणिताच्या बाई तुझ्याहून चांगल्या मोठ्या, कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्यांपैकी. वरून कधी काय मिळेल त्याची वाट कोण बघणार म्हणून त्यांनी पुतण्याचा प्रोजेक्टर मागून आणला आणि शाळा सुटल्यावर भूगोलाच्या बाईंना सोबत घेऊन स्वतःच शिकायला बसल्या. पहिल्या दिवशी चित्र उलटं आलं. दोघींनी माना वाकड्या करून अख्खा धडा बघितला, पण उठल्या नाहीत. इतिहासाचे सर मात्र विरोधी पक्षात. "माझा खडू कधी बंद पडलेला बघितलाय का?" असं जाता-येता टोचायचे. शेवटी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी निकाल दिला: शनिवारी पालकांसमोर धडा घ्या. जमला तर प्रोजेक्टर वर्गात राहील. फजिती झाली तर तो पुतण्याकडे परत, आणि हे खूळ पुन्हा शाळेत नको.

गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "समोरची भिंत तेवढी पांढरी करून दे रे, पडदा नाही आपल्याकडे." आता माझा स्वभाव तुला ठाऊक. साधं काम मला साधं करवत नाही. साधा पांढरा रंग होता, तो बाजूला सारला, ऑइलपेंटचा डबा फोडला आणि असे हात मारले की भिंत नव्या ताटासारखी लखलखायला लागली. मी स्वतः मागे सरून दोनदा बघितलं. काय सांगू ताई, भांग पाडता येईल अशी भिंत!

शुक्रवारी दुपारी सराव. बाईंनी बटण दाबलं. भिंतीच्या मधोमध गाडीच्या दिव्यासारखा झगझगीत गोळा, बाजूला खिडकी, खिडकीतलं झाड, आणि त्रिकोण कुठेच नाही. मागच्या बाकावरच्या मुली भिंतीत बघून वेण्या नीट करू लागल्या. बाईंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा भिंतीकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीवर धावत जाऊन माझी चादर आणली (तूच दिलेली, निळ्या फुलांची) आणि भिंतीपुढे टांगली. त्रिकोण आला खरा, पण एका कोनात फूल, दुसऱ्या कोनात फूल आणि तिसऱ्यात मी कधीतरी सांडलेल्या चहाचा डाग. इतिहासाच्या सरांना तर उकळ्याच फुटल्या. "माझ्या खडूला वीजही लागत नाही आणि पुतण्याही लागत नाही," म्हणत त्यांनी चादरीचं एक टोक बाजूला सारलं आणि उघड्या भिंतीपाशी आपले दोन डस्टर एकमेकांवर फाडफाड आपटले.

धुरळा उडाला, भिंतीवर बसला, तो बसलाच. रंग अजून ओलसर होता ना! (मी 'हात लावू नये' अशी पाटी लावली होती. डस्टरबद्दल काही लिहिलं नव्हतं.) चादर काढली तर त्या धुरकट पट्ट्यात त्रिकोणाचा एक कोन स्वच्छ, ठसठशीत उभा! बाकी सगळा चकचकाट. गणिताच्या बाई ओरडल्या, "सर, थांबू नका! आपटा!" सर बावचळले. तासाच्या मध्ये थांबू नका म्हणणारं त्यांना आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

मग जी धमाल उडाली! सगळ्या वर्गांतले डस्टर आले, खडूच्या खोक्यांच्या तळाची भुकटी आली. भूगोलाच्या बाईंनी ती माझ्या मोज्यात भरली (धुतलेल्या, शपथ) आणि मी शिडीवर चढून वरपासून खालपर्यंत थोपटली. सगळे पांढरेफटक. सर शिंकायचे आणि आपटायचे, आपटायचे आणि शिंकायचे. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, "हे काय चाललंय?" म्हणून भिंतीला तळवा टेकवला, आणि चिकटलेला तळवा सोडवून घेऊन आल्या पावली परत गेल्या.

शनिवारी धडा असा रंगला की पालक घरी जायला तयार नाहीत. एका वडिलांनी तर हात वर करून उत्तर दिलं. चुकलं, पण मुलीने टाळ्या वाजवल्या. फक्त गणितानंतर भूगोलाच्या बाईंनी दाखवलेल्या चित्रात समुद्राच्या मधोमध मोठ्या बाईंचा तळवा चमकत होता, तेवढी जागा भुकटीतून सुटलेली. पोरं विचारायला लागली की कोण बुडतंय. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, आणि प्रोजेक्टर राहिला. आता रोजचा पहिला तास इतिहासाच्या सरांनीच अडवलाय. भिंत आपली युक्ती आहे, असं ते शिपायालाही सांगतात.

भावोजींना नमस्कार. जेवणाची आबाळ नाही.

तुझा धाकटा
(तुझ्या भाषेत, भिंगरी)

ता.क. एक सांगायचं राहिलं. बोलण्याच्या भरात मी गणिताच्या बाईंना म्हणालो की माझी ताई तर प्रोजेक्टरवर कधीपासून शिकवते. बाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांच्या पाचवीने आणि तुझ्या पाचवीने, प्रोजेक्टरला फोन जोडून, भिंतीवर एकमेकांना भेटायचं ठरलंय. मोठ्या बाईंनी पाटीवर लिहूनसुद्धा टाकलं. तेव्हा वर्ग कुणाला देऊ नकोस, फुलदाणी उचल आणि खोकं उघड. अडलं तर इतिहासाच्या सरांना फोन कर, ते हल्ली न विचारताही सांगतात. पहिल्या दिवशी चित्र उलटं येईल. मान वाकडी कर.

ता.क. दुसरा. तुझ्या वर्गाची भिंत चुन्याची आहे, ती तशीच असू दे. कुणी रंगारी चकचकीत रंग घेऊन आला तर दारातूनच घालवून दे. मी असलो तरी. (मग खिडकीतून येईन. तेवढं मला अजून जमतं.)