माझ्या मागची गाडी

कियाना,
१२ जानेवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. गुडघ्याचे टाके निघाले असं आत्याने कळवलं, बरं वाटलं. तिच्या अँकरेजच्या घरात तुम्हाला उकडतं, तुम्ही खिडकी उघडता आणि ती मागोमाग येऊन बंद करते, हेही तिने कळवलं. तुम्ही दोघं भांडताय म्हणजे तब्येत सुधारतेय, असं आईचं म्हणणं आहे. तिने तुमच्यासाठी अर्धवट वाळवलेला मासा आणि सीलचं तेल पाठवलं आहे. डबा उभा ठेवा. मागच्या वेळी आत्याच्या गालिच्यावर सांडलं होतं आणि ती ते अजून ऐकवते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. मी ‘क्लच’ एवढं म्हटलं की तुमचे तीन उपाय सांगून झालेले असतात. पत्रात तरी मला बोलता येईल.

माझी नवी निळी स्नोमोबाइल, बर्फावरची गाडी, रुळली. पहिली टाकी तुम्ही सांगितलं तशीच संपवली. अर्ध्याच्या वर रेस नाही, एकाच वेगात फार वेळ नाही, कमी-जास्त करत नदीवरून वरच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. एवढी दांडगी गाडी म्हातारीच्या चालीने चालवायची म्हणजे शिक्षाच. बर्फातल्या भोकांपाशी मासे धरत बसलेल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. लोरेनकाकू ओरडली, “वर्ना, दमलीस का गं? येऊन ढकलू का?” आमच्या पॉवरहाउसमधल्या पोरांनीही हे ऐकलंय. आता मी कामावर गेले की कोणी ना कोणी ढकलायला येतोच.

सुरुवातीला ती आपणहून जास्त तेल पीत होती, त्यामुळे निळा धूर आणि काळे स्पार्क प्लग. दुसऱ्या टाकीनंतर काढून बघितले तर दूध घातलेल्या कॉफीचा रंग आला होता. खालचा रबरी पट्टा अपेक्षेप्रमाणे ताणला गेला, तो परत आवळून घेतला. क्लचचा बेल्ट बसवण्याआधी कोमट साबणाच्या पाण्यात घासून धुतला, त्यावरून मात्र रामायण झालं.

“माझ्या पिठाच्या पातेल्यात?” आई म्हणाली.

“आई, नवा बेल्ट आहे. स्वच्छ आहे.”

“स्वच्छ आहे तर धुतेस कशाला?”

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. 

जुळवणीला दोन दुपारी लागल्या. पूर्ण रेस दिली की इंजिन हवं त्याहून जास्त फिरायचं, आरडाओरडा भरपूर आणि ओढ कमी. क्लचमधली वजनं एक पायरी जड केली. आवाज खाली आला आणि गाडी अशी सुटली की माझी टोपी मागे राहिली. काल सपाट बर्फावर तिला पहिल्यांदा मोकळी सोडली. बाबा, इतकी गुळगुळीत पळणारी गाडी आपल्या घरात आजवर आली नव्हती. थांबल्यावर मी एकटीच हसत बसले होते.

विमान उद्या यावं. बाकीचं पुढच्या पत्रात.

१४ जानेवारी

विमान आलं नाही. नदीवर धुकं बसलंय आणि हलायचं नाव घेत नाही. पाकीट अजून चिकटवलेलं नाही, म्हणून पुढे लिहिते.

खरं तर पाकीट चिकटवायला हरकत नव्हती. तुम्ही फोनवर दर वेळी तुमच्या नव्या लाल गाडीबद्दल विचारता आणि मी दर वेळी निळीबद्दल सांगते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तर आता लालबद्दल.

अँकरेजला जाण्याआधी तुम्ही ती थोडी चालवली होती. पुढचं काम मी करायचं ठरलं होतं म्हणून झाकण उघडलं. बेल्ट एका जागी जळलेला होता. बोटभर रुंद पट्टी चपटी, काळी आणि चकचकीत झाली होती. हे कशाने होतं ते मला तुम्हीच शिकवलंत. थंडीत पट्टा बर्फाला चिकटलेला असतो, गाडी हलत नाही आणि माणूस रेस देत राहतो. म्हणून आधी मागची बाजू उचलून आपटायची, पट्टा सुटला की मग उजव्या अंगठ्याने रेसची कळ हळूच दाबायची. गावातल्या प्रत्येक पोराला तुम्ही हे ओरडून ओरडून शिकवलं आहे. ओळखीच्या कोणाचा बेल्ट असा जळला की तुम्ही तो आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दारावर टांगायचात, सगळ्यांनी बघावा म्हणून.

मला वाटलं, होतं कधी कधी. नवा बेल्ट घ्यायला मागच्या शेडमध्ये गेले. तेलाच्या ड्रमामागे पोतं होतं, त्याखाली आणखी जळलेले बेल्ट सापडले. तुमच्या जुन्या गाडीचे. सगळे तसेच, एकेका जागी चपटे झालेले. ते तुम्ही दारावर टांगले नाहीत.

मी पोतं परत होतं तसं टाकलं. आईला काही बोलले नाही. जेवताना मात्र तीच म्हणाली, “लाल गाडीत काही बिघाड आहे का? तोंड उतरलंय तुझं.”

मी म्हटलं, “गाडी ठीक आहे. बाबांचा हात ठीक आहे का?”

तिने सूप वाढलं आणि मग खाली बसली. “गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते,” ती म्हणाली. “उजवा अंगठा बधिर झालाय. कपात चहा गरम आहे की गार, तेही कळत नाही त्यांना. मला वाटलं तुला माहीत असेल. सारखे बरोबर असता तुम्ही.”

सारखे बरोबर असतो आपण, हे खरंच आहे. हेल्मेट घालून.

१६ जानेवारी

अजून धुकं. दुकानातली अंडी संपली. लोक एकमेकांवर खेकसायला लागलेत.

रॉसवेल इकडे आलाय. तोच, सेलाविक गावचा, तुम्ही ज्याला भोंगा म्हणता. बहिणीकडे आला आणि धुक्यात अडकला. तुम्हाला तो आवडत नाही हे मला ठाऊक आहे. त्याच्या बापाने तुम्हाला शर्यतीत हरवलं होतं, त्यात त्याची काही चूक नव्हती. तो तेव्हा शाळेतही जात नव्हता.

लाल गाडीत नवा बेल्ट घातला, तिची उरलेली टाकीही नियमाने संपवली. मग फेब्रुवारीतल्या जोडीच्या शर्यतीआधी दोन्ही गाड्या एकत्र पळवून बघायच्या होत्या, म्हणून त्याला बोलावलं.

“तुझ्या म्हाताऱ्याची गाडी? मी बसू?” तो म्हणाला. “अगं, अँकरेजहून हात लांब करून कानाखाली देतील.”

“त्यांना सांगितलं तर ना.”

“आणि तू सांगणार नाहीस?”

“लिहीन सावकाश.”

काल आम्ही तळ्यापर्यंत जाऊन आलो. मी पुढे, तो मागे. माझ्या गाडीने उडवलेला बर्फ त्याच्या तोंडावर, म्हणजे त्याला जवळजवळ काहीच दिसत नसणार. शर्यतीत मागच्याचं असंच असतं, तुम्हाला मी काय सांगायचं. वाटेत बर्फाला भेग होती, मी डावा हात वर करून वेग कमी केला आणि वळसा घातला. परत आल्यावर त्याने हेल्मेट काढलं तेव्हा मिशा गोठलेल्या होत्या आणि तो चिडलेला होता.

“काय गं, मी मागे आहे की भेगेत पडलो, एवढं तरी बघायचं!”

“म्हणजे काय?”

“म्हणजे अख्ख्या वाटेत एकदाही मान वळवली नाहीस. मेलो असतो तर घरी येऊन कळलं असतं तुला.”

मी त्याला कॉफी दिली, माफी मागितली आणि वर हसलेसुद्धा. पण ते डोक्यातून जाईना. बाबा, तुमच्याबरोबर असले की मी सारखी मागे बघते. दर शर्यतीनंतर माझी मान दुखते. मी समजत होते की हेल्मेट जड आहे. काल तेच हेल्मेट होतं आणि मान अजिबात दुखली नाही.

१७ जानेवारी

सकाळी डोंगर दिसायला लागले. विमान येईल असं म्हणतात. आता मला सगळं लिहायलाच हवं.

गेल्या फेब्रुवारीत शर्यतीत समुद्राच्या बर्फावर तुमची गाडी माझ्या गाडीवर आदळली आणि मी बर्फावर फेकली गेले. नंतर कॉट्झेब्यू गावच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, “हिने मध्येच ब्रेक मारला. पोरीची जात!” लोक हसले. मीही हसले आणि मान डोलावली. सहा आठवडे मी डाव्या कुशीवर झोपू शकले नाही, ते मी कोणाला सांगितलं नाही.

मी मध्येच ब्रेक मारला नव्हता. हात आधीच वर केला होता आणि मागे वळून बघितलं होतं. तुम्हीही हात वर केलात. मी तो स्पष्ट पाहिला. म्हणजे माझी खूण तुम्हाला दिसली होती, कळली होती, आणि रेस सोडायची असं तुम्ही ठरवलं होतं. अंगठ्याने ऐकलं नाही. तुम्हाला हे त्याच क्षणी कळलं असणार. वर्षभर तुम्ही ते पोत्याखाली ठेवलंत, आणि मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं.

आमच्या पॉवरहाउसमध्ये एखाद्या यंत्राची कळ अडकायला लागली तर आम्ही ते बंद करतो. कोणाचं आहे ते विचारत नाही.

आता झालेलं सांगते. शर्यतीसाठी जोडीची नावं काल पक्की झाली. मी माझं आणि रॉसवेलचं दिलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता, मग मी ऐकलं असतं आणि फेब्रुवारीत परत तुमच्या पुढे निघाले असते. लाल गाडीच्या स्प्रिंगा त्याच्या वजनाच्या बसवल्या आहेत. तो तुमच्यापेक्षा बराच हलका आहे. तुमच्या स्प्रिंगा खोक्यात घालून शेडमध्ये ठेवल्या. गाडी तुमची आहे. तुम्ही ‘त्याला देऊ नकोस’ म्हणालात तर त्या दिवशीच परत बसवीन आणि त्याला दुसरी गाडी शोधून देईन. पण नाव बदलणार नाही.

काम करत असताना मनात म्हणत होते, तुम्हाला पत्रात लिहायचं की दुकान आणि जुळवणी तुम्ही सांभाळा, तुमच्या कानाला जे कळतं ते आमच्यात कोणाला कळत नाही वगैरे. ते खरंही आहे. पण असं कोणी तुम्हाला म्हणालं तर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, आणि ते आत्यासमोर म्हणण्यासारखं नाही. म्हणून तसलं गोड काही लिहीत नाही.

दवाखाना जवळ आहे तोवर तो अंगठा डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या डॉक्टरांनाच विचारा, ते पाठवतील कोणाकडे तरी. ‘थंडीने होतं’ असं सांगून सुटू नका. आत्याला बरोबर न्या, म्हणजे खोटं बोलता येणार नाही.

तुमच्या अंगठ्याची भीती वाटते असं लिहिणार होते. पण अंगठा एकटा गाडी चालवत नाही. मला तुमची भीती वाटते, बाबा. पांढऱ्या धुरळ्यात तुम्ही माझ्या मागे असलात की मला भीती वाटते. मी लहान असल्यापासून जगात ज्या एका माणसाची भीती वाटली नाही ते तुम्ही, त्यामुळे हे लिहायला इतके दिवस लागले. धुक्याचं फक्त निमित्त झालं.

विमानाचा आवाज येतोय. आई दारात उभी राहून पाकीट मागतेय.

तुम्ही परत याल तेव्हा धावपट्टीवर मी येईन, जुनी गाडी घेऊन. तुम्ही चालवायला मागाल. मागू नका. मागे बसा आणि मला धरा.

तुम्हाला लिहिताना दर वेळी शेवटी ‘तुमची जोडीदार’ लिहीत आले. आज ते लिहिलं आणि खोडलं.

तुमची मुलगी,
वर्ना