बाबांचा वाकडनाक्या, आईंचा येशू

३ मार्च

आज बाबांनी वाकडनाक्याकडून पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार माणसं जेववली! आई स्वयंपाकघरातून हातातल्या उलथण्यासकट बाहेर आल्या. "अहो, तो माझा येशू. तुमच्या त्या खाटकाने कधी कुणाला पाणी तरी विचारलं का?" मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बाबा आपले "असं होय, असं होय" करत राहिले. तव्यावरचं करपलं ते करपलंच.

सासूसासऱ्यांचं हे आता रोजचंच. बाबांनी जन्मभर गोदीत जहाजांचं वेल्डिंग केलं, त्यात डोळे गेले. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांना वाचून दाखवते. आधी त्यांचं पुस्तक — बर्फाच्या मुलखातल्या एका वीराची जुनी कथा. त्याचं खरं नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून बाबांनी त्याला वाकडनाक्या करून टाकलं. त्यानंतर आईंच्या बायबलातलं शुभवर्तमान. हा तह आईंनीच करून घेतलाय — आधी मुडदे, मग क्षमा.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता त्यांच्या मनासारखं करा. याचा अर्थ सांगायला वेगळा डॉक्टर लागत नाही.

६ मार्च

आज येशूने बोटीवरून उडी मारून तिघांची डोकी उडवली. आई जेवल्या नाहीत.

८ मार्च

नवरा म्हणतो, बाबांना भ्रम व्हायला लागलाय. डॉक्टरांना घरी घेऊन आला. त्यांनी बाबांना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबा धडाधड सांगत गेले आणि वर म्हणाले, "आता तुम्ही पाढे म्हणा बघू." भ्रमबिम काही नाही. मग हे काय चाललंय?

९ मार्च

पकडलं! आई दळण आणायला गेल्या होत्या. मी सरळच विचारलं, "बाबा, तुम्ही मुद्दाम चुकता ना?"

बाबा हसले, अगदी चोरासारखे. म्हणाले, "ती सारखी आत असते गं. चूक ऐकली की येऊन बसते. पुरती दुरुस्त केल्याशिवाय उठत नाही."

"मग हाक मारा की सरळ."

"हाक मारली की विचारते, काय हवंय. मला काही नको असतं."

मी चहा टाकायचं निमित्त करून उठले.

१३ मार्च

कपडे वाळत घालताना आई एकदम म्हणाल्या, "मला एकटीलाच जावं लागणार."

मला वाटलं, बाजारात. तर नाही. बाबा प्रार्थना करत नाहीत, देव मानत नाहीत. आईंची पक्की श्रद्धा आहे की मेल्यावर त्या प्रभूकडे जाणार आणि बाबा जाणार नाहीत. "जन्मभर एका खाटेवर झोपलो. भांडलो तरी पाठीला पाठ लावून झोपलो. आणि तिकडे काय करू मी?" एकदाच, फक्त एकदा त्यांनी प्रभूचं नाव घ्यावं, एवढंच मागणं. पाळकांना बोलावणार म्हणाल्या.

हातातला पिळलेला टॉवेल मी पुन्हा एकदा पिळला. 

१६ मार्च

पाळक येऊन गेले. भला माणूस. बाबांनी त्यांना चहा पाजला, बूट काढायला लावले नाहीत, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "खोटं बोलून आत शिरलेला माणूस तुमच्या देवाला चालेल का?" पाळकांनी कप खाली ठेवला. आई तो उचलून आत गेल्या.

मी नंतर बाबांवर चिडलेच. म्हटलं, एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

म्हणाले, "ऐक. वाकडनाक्या काय आणि येशू काय, मरण पुढे आहे हे दोघांनाही आधीच ठाऊक होतं. दोघंही गेले. माझा थट्टा करत गेला, भीती वाटली ते कुणाला कळूच दिलं नाही. तिच्याने सोबत्यांना सांगितलं, मला फार जड जातंय, माझ्याबरोबर जागे राहा. मला विचारशील तर तिचाच जास्त धीट."

"मग हे आईंना सांगा ना!"

"सांगितलं तर तिला वाटेल मी मानलं. आवडणं वेगळं आणि मानणं वेगळं. तिला फसवून जायचं नाही मला."

हट्टी म्हातारा. आणि इतका सरळ की राग धरावा तर धरताही येत नाही.

१७ मार्च

राहवलं नाही. आईंना सांगून टाकलं — बाबा मुद्दाम चुकतात, तुम्ही येऊन बसावं म्हणून. आई कणीक मळत होत्या, मळतच राहिल्या. "मेलं, तोंडाने सांगता येत नाही का," एवढंच म्हणाल्या.

१८ मार्च

आजपासून भाजी बाबांच्या खोलीत चिरायची असं ठरलंय. कुणी ठरवलं ते विचारायचं नाही.

२३ मार्च

बाबा तरीही चुकतातच. आज वाकडनाक्याने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला. आई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "करू दे. एवढं चांगलं काम हातून झालं तर झालं."

२७ मार्च

बाबा गेले.

दुपारी आईच वाचत होत्या. वादळ उठलंय, बोटीत पाणी शिरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून गाढ झोपलाय. शिष्य घाबरून त्याला उठवायला जातात. बाबा म्हणाले, "नका उठवू रे. दमला असेल." आई म्हणाल्या, "उठवतातच ते. पुढे ऐका." आणि वाचत राहिल्या. वादळ शमलं तरी बाबा काहीच बोलले नाहीत, तेव्हा त्यांनी पुस्तकातून मान वर केली.

मी दुकानात होते. कुणाला तरी जवळचं दिसत नव्हतं, त्याची काच बदलत होते.

४ एप्रिल

आज आईंनी बाबांचं पुस्तक काढायला लावलं. विचारलं, "मेल्यावर हा वाकडनाक्या कुठे जातो?" मी वाचून दाखवलं — मोठं लाकडी दालन असतं, मधोमध शेकोटी, लांबच लांब बाकं, शूर माणसं मिळून जेवतात. आईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढे बघ गं जरा. तिथे बायकांना घेतात का?"